खालून वर

पाण्याची पाळी आज, पाचव्या दिवशी.
म्हणजे रात्री अडीचला. म्हणजे साडेतीनला.
म्हणजे सिद्धेश्वरालाच ठाऊक.
घागरी रांगेत, नळाच्या तोंडाला पाइप,
आणि दाजी पेठेतल्या आमच्या उंबऱ्यावर
मी आणि नान्ना,
मधे माझा मोबाईल, चौदा टक्के.

त्यांना दाखवते चार चौकटींची गोष्ट.
जपानातलं एक सार्वजनिक न्हाणीघर,
तिथे टॉवेल देणारी हिसानो.
पहिलीत टॉवेलांची चळत, तिच्या हनुवटीपर्यंत.
दुसरीत समोरून एक म्हातारा, हात पुढे,
साबण नुकताच निसटलेला.
तिसरीत कुणीच नाही. फरशीवर साबण. शांत.
चौथीत हिसानो हौदात, घड्या पाण्यावर तरंगतायत,
आणि म्हातारा विचारतो,
"पोरी, कोरडा आहे का एखादा?"

मी हसते. दर वेळी हसते.
नान्ना चष्मा कपाळावर सारतात,
फोन नाकाशी नेतात,
आणि माझ्या उशिरा लक्षात येतं,
ते खालून वाचतायत.

बत्तीस वर्षं जेकार्डचे आलेख भरले त्यांनी,
लाल पेन्सिलीनं एकेक घर,
मोराची मान, कमळाचा देठ, कुठल्याशा हॉटेलचं नाव.
कापड खालूनच चढतं.
पहिला धागा तळाला, तुरा सगळ्यात शेवटी.
वरून वाचणाऱ्याला आमच्यात
गिऱ्हाईक म्हणतात.

तर त्यांच्या गोष्टीत हिसानो आधीच पाण्यात आहे.
मग एकटा साबण.
मग म्हातारा येतो, हात पुढे करून,
बहुतेक तिला वर काढायला.
आणि शेवटी ती उभी, कोरडी ठणठणीत,
सगळ्या घड्या जशाच्या तशा.
"बरी आहे बाई," नान्ना म्हणतात,
"कष्टाळू. पण यात हसायचं काय?"

मग मी कार्टून लावते. दीड मिनिटाचं,
त्यातली वीस सेकंदं नावंच.
पैसे कमी पडले असावेत, नुसते ओठ हलतात,
मागची वाफ जागची हलत नाही.
नान्ना म्हणतात, पुन्हा. आणि पट्टी मागे ओढायला
उजवं बोट लावतात,
ज्याचं पेर मागानं नेलं.
फोन त्या बोटाला ओळखत नाही.
दुसरं लावतात.
हिसानो पाण्यातून उलटी उडते,
टॉवेल एकेक करून तिच्या हातात परततात,
साबण उडी मारून म्हाताऱ्याच्या मुठीत.
आता हसतात. खोकला येईपर्यंत.
पुन्हा ओढतात. पुन्हा.

मीही आमचं घर खालून वाचून बघते.
तळाला रिकामी शेड, भिंतीवर तेलाचे हात.
त्याच्या वर टेम्पो, मागे मागे येणारा,
भंगारवाला नोटा परत घेतो, माग उतरवतो,
चारही, खटक खटक,
गल्लीला पुन्हा ऐकू येईनासं होतं.
त्याच्या वर अम्मा बसलीय, सुपात तंबाखू,
विड्यांचा हजार पुरा व्हायला थोड्या बाकी.
तिथे थांबते.
आणखी वर जात नाही.

नऊ टक्के.
शेजारी गौरव्वा कानडीत नगरपालिकेला काहीतरी म्हणते,
ते कळायला कानडी लागत नाही.

नळात आधी हवा येते.
मग गंज.
मग एकदम इतका जोर, की पाइप उसळतो, सुटतो,
नान्ना तो पकडायला धावतात
आणि पकडतात फक्त पाणी.
चष्म्यासकट, बनियनसकट.
घागर लवंडते. गौरव्वा खिडकीतून बघते.
एक क्षण कुणीच काही बोलत नाही.

मग ते, निथळत, गंभीर चेहऱ्यानं, तेलुगूत:
"पोरी, कोरडा आहे का एखादा?"

मी आत जाते.
दोरीवर एकच टॉवेल, काठाला मोर,
संध्याकाळी मीच धुवून टाकलेला.
पिळते, तर अजून पाणी निघतं.
तोच नेऊन देते.